खोळ कुणाच्या घरी

सभेचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक शिवपातम सर. कण्णकीअम्मनच्या देवळाचे विश्वस्त तंबिराजा. मशिदीच्या जमातीचे प्रमुख हाजी उदुमालेब्बे. थंडगार गाडीत बसून कोलंबोहून आलेले संस्थेचे साहेब. आजची सत्कारमूर्ती मारिसेल. आणि पुन्नैमुनै व कादरपुरम या दोन्ही गावच्या थोरामोठ्यांनो, आयाबायांनो, या म्हातारीचा सर्वांना नमस्कार आणि सलाम.

कुणाचं नाव आधी आलं नि कुणाचं मागून, यावरून कृपा करून भांडू नका. क्रम शिवपातम सरांनी लावून दिला आहे. मला वाचता येत नाही, म्हणून पाठ केला. सर स्वतः मघापासून नाकाला रुमाल लावून बसलेत. सर, थोडा धीर धरा. वासाचं मी शेवटी सांगणार आहे.

माझ्याआधी सात जण बोलले. प्रत्येकानं मारिसेलला पुलाची उपमा दिली. या भागात एकच पूल आहे आणि त्याचा कठडा पडून किती वर्षं झाली ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा मी उपमा देणार नाही. मी पाक्कियम, पुन्नैमुनैच्या कनगरत्नमची बायको. आता विधवा. जे पाहिलं तेवढंच सांगते.

शांततेच्या कामासाठी संस्थेनं पाठवलेली ही मुलगी फिलिपाईन्सहून आली तेव्हा तिच्यासोबत रंगीत कागदांचं बाड होतं. दोन्ही गावांच्या बायकांना तिनं याच हॉलमध्ये गोल बसवलं, हात धरायला लावले आणि कबुतराचं चित्र दाखवलं. शांततेची खूण म्हणे. मागून कुणीतरी विचारलं, याचा रस्सा करतात का? सगळ्या हसल्या. हसल्या म्हणून संस्थेनं लिहिलं असेल की कार्यक्रम यशस्वी झाला. पण जाताना आम्ही आमच्या दारानं गेलो आणि त्या त्यांच्या दारानं. आजही तसेच बसला आहात ना? मधल्या वाटेत एक खुर्ची नाही. इथून छान दिसतं.

कोलंबोच्या साहेबांना रापण ठाऊक नसेल. होडीतून जाळं अर्धगोल टाकत जायचं, दोन टोकांचे दोर वाळूवर आणायचे, आणि दोन्हीकडून माणसांनी ओढायचं. मासळी मधल्या खोळीत येते. आमच्या रापणीची डावी बाजू कादरपुरमची, उजवी पुन्नैमुनैची. खोळ दोघांची. ती माझ्या नवऱ्यानं आणि कादरपुरमच्या आदमबावानं मिळून विणली. विणताना इतके भांडले की गाठी आपोआप घट्ट बसल्या. हंगाम संपला की आपापली बाजू आपापल्या गावात जायची, आणि खोळ एका वर्षी आमच्या घरी, एका वर्षी आदमबावाच्या घरी. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. कशाला लिहायचं? एकट्या बाजूनं कुणाला मासळी मिळत नाही, हे लिहायची गरज नसते.

मग तो चौकातला दंगा झाला. एक मोटारसायकल एका सायकलीला घासली. कुणाची कुणाला, ते आज कुणाला आठवत नाही. फोनवर मात्र सगळ्यांना आठवत होतं. होड्या पेटल्या. आदमबावा आपली होडी पाण्यात ढकलायला धावला आणि त्याच्या कानशिलावर दगड बसला. तो तिथंच वाळूवर गेला.

दगड आमच्या बाजूनं आला. हे मी या व्यासपीठावरून बोलू नये असं तंबिराजांनी मला कालच बजावलं होतं. तंबिराजा, बजावून झालं, आता ऐका. मारणारा इथं बसलाय का, मला माहीत नाही. त्याची आई नक्की बसली असेल. तिला रात्री झोप येत नसेल, एवढंच मी जाणते.

रहुमा इद्दतीत, नवरा गेल्यावर घरातच राहायच्या त्या महिन्यांत, असताना मी तिच्या दाराशी गेले. आदमबावाची बायको, आपल्या सर्वांना माहीत असलेली. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न झालेल्या, एकाच ढिगातली मासळी निवडत म्हाताऱ्या झालेल्या. पडद्याआडून ती म्हणाली, "पाक्कियम, मासळी घेऊन आली असशील तर दार उघडं आहे. सांत्वनाला आली असशील तर बंद आहे." मी परत फिरले. हातात मासळी नव्हती ना.

पुढं काय झालं ते अर्ध्या लोकांना चुकीचं ठाऊक आहे. कुणी म्हणतं, मारिसेल दोन गावांच्या मधे छाती काढून उभी राहिली. खोटं आहे. दंगा थंडावल्यावर दोन्हीकडची पोरं किनाऱ्यावर जमली, आपापल्या वाट्याची खोळ कापून न्यायला. अर्धी खोळ नेऊन काय त्यात नारळ भरणार होते? मारिसेल उन्हातून चालत आली, दमली होती, समोर मऊ गाठोडं दिसलं आणि बसली. खोळीवर. बाईमाणूस.

आमच्याकडे बाईनं खोळ ओलांडायची नाही, बसायची तर बातच सोडा, आणि विधवेनं तर हातही लावायचा नाही. हे देवळातही मानतात आणि मशिदीतही मानतात, मौलवींनी कितीही नाही म्हटलं तरी. तर दोन्हीकडचे सगळे एका आवाजात ओरडले, "ऊठ!" त्या दंग्यानंतर दोन्ही गावांनी पहिल्यांदा एकच शब्द उच्चारला होता. तिला वाटलं आपल्याला धमकावतात. ती आणखी घट्ट बसली. आता हिला उठवायची कुणी? कादरपुरमवाले परक्या बाईला हात लावायला तयार नाहीत, आमचे शूरवीर वकिलातीला घाबरलेले. ऊन कलेपर्यंत नुसती चर्चा. मी तिला पाणी नेऊन दिलं. पाहते तर दुसऱ्या बाजूनं वाफवलेल्या पुट्टूची ताटली घेऊन रहुमाची सून येत होती. पाठवणारी कोण, ते मी विचारलं नाही.

शेवटी ठरलं, की खोळ आता बाटलीच आहे, तर हिच्याकडेच राहू दे. तेव्हापासून खोळ चौकातल्या तिच्या भाड्याच्या खोलीत, कुलपात. गेला हंगाम आपण असाच काढला. सकाळी मारिसेल खोळ काढून द्यायची, दोन्ही बाजू तिला जोडायच्या, आणि काम झालं की पुन्हा आत. मी आणि रहुमा परत एका ढिगाशी बसलो. बोलणं फक्त मासळीपुरतं. ही कुजकी. ही तुमची. हिचं डोकं काढ.

साहेब मघाशी म्हणाले की इथं शांतता प्रस्थापित झाली. साहेब, शांतता नव्हे, ते कुलूप आहे. आणि कुलूपवाली उद्या सकाळी जाते आहे. मी तुम्हाला हात जोडून म्हटलं होतं, हिला आणखी एक हंगाम राहू द्या. तुम्ही म्हणालात प्रकल्पाची मुदत संपली, आता समाजानं स्वतः जबाबदारी घ्यावी. समाज म्हणजे हा समोर बसलाय तो. नीट बघून घ्या.

मागच्या आठवड्यात चौकात पुन्हा टायर जळला. तुमच्यापैकी कुणी त्याचा उल्लेख केला नाही, सगळ्यांना हारतुरे महत्त्वाचे. वारा फिरलाय, समुद्र निवळलाय, रापण पाण्यात पडायला हवी. आणि खोळ कुणाकडे ठेवायची याच्या बैठका चालूच आहेत. देवळाच्या पडवीत म्हटलं की हाजी उठून जातात. मशिदीच्या पडवीत म्हटलं की तंबिराजा उठून जातात. पोलीस म्हणतात आणून द्या, मुद्देमाल म्हणून जमा करतो. दोन्हीकडची पोरं मला वेगवेगळी येऊन सांगून गेली, अम्मम्मा, ती बाई गेली की कुलूप आम्ही तोडतो. दोन टोळ्या, एक कुलूप. या वेळी कुणाच्या कानशिलावर बसणार? कुणी सांगेल का मला?

आज दुपारी मारिसेलनं किल्ली माझ्या हातात ठेवली. तिला आपली भाषा तोडकीमोडकीच येते. म्हणाली, "अम्मम्मा, मला भीती वाटते." मी म्हटलं, आता कसली, तू तर सुटलीस. ती म्हणाली, "घरी गेल्यावर एक दिवस फोनवरच्या बातमीत तुमच्या गावाचं नाव वाचायची."

मी तिला म्हणू शकले नाही की असं काही होणार नाही. एवढं वय झालं, खोटं बोलायची सवय आहे मला, पण ते तोंडातून निघेना.

म्हणून मी रहुमाकडे गेले. या वेळी मासळी घेऊन गेले. तिला म्हटलं, ज्या वर्षी आदमबावा गेला त्या वर्षी खोळ तुमच्या घरी यायची होती. ती पाळी राहिली आहे. ती म्हणाली, "आणि पोरांनी माझं घर पेटवलं तर?" मी म्हटलं, मी तुझ्या ओसरीवर येऊन निजेन. पेटवायचं तर मलाही पेटवतील, आमच्या पोरांना तेवढा तरी विचार पडेल. तिनं हातातल्या मासळीचे खवले काढले. मग म्हणाली, "तू घोरतेस."

हो म्हणाली नाही. नाही म्हणाली नाही. घोरतेस म्हणाली. त्यावर मी आज इथं उभी आहे.

आता वासाचं. सर, आपण ज्याच्यावर मघापासून पाय टेकून बसला आहात, ती खोळ आहे. या टेबलाच्या पांढऱ्या चादरीखाली. बाहेरगावच्या रिक्षावाल्याकडून आणवली, त्याला वाटलं मांडवाचं कापड आहे. पाय उचला सर.

मारिसेल, तुला शाल दिली, फोटो दिला, सात भाषणं दिली. माझ्याकडे द्यायला काही नाही. तू आम्हाला शहाणं केलं नाहीस. तुझ्यानं ते व्हायचं नव्हतं आणि आमच्यानंही नाही. तू चुकून बसलीस आणि उठली नाहीस, एवढं मात्र मी पाहिलंय. उद्या विमानात खिडकीजवळ बस. मागं बघू नकोस. बघितलंस तर मला कळवू नकोस.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, मान्यवरांनी उठून न जाता ऐकलं, चहावाल्यांनी मी बोलत असताना कप वाजवले नाहीत, सर्वांची मी आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल ते पोटात घाला. ही खोळ पडून राहिली तर यंदा पोटात घालायला दुसरं काही मिळणारही नाही.

मी आता खोळीला हात लावते आहे. मी विधवा आहे. रहुमाही आहे. तुम्हाला ओरडायचं असेल तर मागच्यासारखं दोन्ही गावं मिळून ओरडा, तेवढं तुम्हाला एका आवाजात जमतं. तिचं घर या हॉलच्या मागंच आहे, पण खोळ एकटीला उचलत नाही. हे एक टोक मी धरलं.

रहुमा, तिसऱ्या रांगेत बसलीयेस ना? माझे गुडघे फार वेळ थांबायचे नाहीत.