पांढरीवरची वरात

ऐका. पण आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट आप्पालाल मुलाणीनं मला सांगितली तेव्हा उन्हाळा होता की तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस, ते आता नक्की आठवत नाही. लग्नसराई होती एवढं खरं. घोडीचा रंग त्यानं पांढरा सांगितला होता, की मीच नंतर मनात पांढरा करून घेतला, याचीही खात्री देता येत नाही. बाकीचं ऐकलं तसं सांगतो. आणि अंबू, तू त्या घोडीच्या मागून उठून इकडे ये बरं. शांत आहे, मलाही दिसतंय. तरी ये. उद्याच्या वरातीला आणलेलं जनावर आहे, गाव तिला नवं आहे.

"तात्या, गोष्ट सांगा. तास नका घेऊ."

सांगतो. ऐका.

आप्पालाल बोरखिंडीचा. त्याच्याकडे एकच घोडी, मैना. वरातीची घोडी. आसपासच्या गावांतला नवरदेव मैनेवर बसल्याशिवाय मांडवात जात नसे. शिंगरू होती तेव्हापासून आप्पालालनं तिला हलगीवर शिकवलेली. हलगी वाजली की ती पुढचे पाय उचलायची, नाचत पुढं जायची. हलगी थांबली की जागच्या जागी थांबायची. जिकडं हलगी तिकडं मैना. त्या घोडीवर घर चालायचं. दुसरी घ्यायची ऐपत नव्हती.

आता वरातीत काय होतं? फटाके फुटतात, पोरं पायात येतात, वर नवरदेव मुंडावळ्यांतून काही न दिसता बसलेला. घोडी बुजली तर अनर्थ. म्हणून दोराचा वेढा मनगटाला घ्यायचा, अशी त्या धंद्यातल्या लोकांची सवय. मला विचाराल तर वरातीतही घेऊ नये. पण मला कोण विचारतो? आप्पालालचा बाप मात्र एक सांगायचा, "वरातीत येढा घे. येशीभायेर पडलास की सोड. जनावर बुजलं तर दोर सुटला पायजे, हात न्हाई."

त्या दिवशी कुंभारवाडीची वरात लांबली. जेवणं होईतो रात्र झाली. नवरीच्या मामानं आग्रह धरला.

"आप्पाभाई, पडा हितंच मांडवात. रातचं कुठं निघालाय?"

"मालन एकटी हाय घरी. पांढरीवरनं गेलो तर लवकर पोचतो."

मामाच्या तोंडात पान होतं. चावायचं थांबलं. "पांढरीवरनं घोडं न्हेत न्हाईत."

"का वो?"

"न्हेत न्हाईत."

"बैल न्हेत्यात की!"

"बैल न्हेत्यात. घोडं न्हेत न्हाईत."

आप्पालाल हसला. म्हणाला, "मामा, तुमाला घोडीचा सोस दिसतोय. उद्याचा दिस बांधून ठेवायचा इचार हाय व्हय?" आणि निघाला.

पांढर म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. उठून गेलेलं गाव. तिथं पडक्या भिंती आहेत, पांढरी माती आहे, बोरी-बाभळी माजल्यात, आणि मधे कुठंतरी एक बिनकठड्याची विहीर आहे. वाट तिच्या काठावरूनच जाते.

आप्पालाल दमलेला. वेस ओलांडली, शेतं संपली, माळ लागला. हातातला वेढा तसाच. सोडायचा राहिला. ऐका बरं का, इथून चूक सुरू झाली. भुतापासून नाही.

अर्ध्या माळावर मैनेनं कान टवकारले. दोन्ही कान पुढं. आप्पालालला काही ऐकू आलं नाही. मग आलं. लांबून हलगी. धीमी, लांबून. त्याला वाटलं, पलीकडच्या वाडीला कुणाचं तरी लग्न असेल. मैना पुढचे पाय उचलायला लागली. "हो, हो," म्हणत त्यानं दोर ओढला, आणि सवयीनं अजून एक वेढा घेतला.

पुढं पडक्या भिंतीपाशी एक माणूस उभा. फेटा बांधलेला, उपरणं घेतलेला, अगदी लग्नघरातला कारभारी.

"आलात का? कवाधरनं खोळंबलोय."

"कोन तुमी?"

"वरातीतलं. घोडी आली न्हाई म्हनून नवरदेव तसाच बसलाय. द्या दोर हिकडं."

आता आप्पालाल धंद्याचा माणूस. घोडीचा दोर परक्याच्या हाती द्यायचा नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं. "दोर मी कुनाला देत न्हाई," म्हणाला. आणि काय केलं? अजून एक वेढा घेतला. घट्ट.

तो माणूस हसला म्हणे. "ऱ्हाऊ द्या मग. तुमच्याच हातात बरा हाय."

तेवढ्यात बत्त्या दिसल्या. ओळीनं बत्त्या. डोक्यावर धरलेल्या, हलत येणाऱ्या. माणसं दिसत होती, पण पायाखालची धूळ उठत नव्हती. हलगी जवळ आली. चढली. मैना नाचायला लागली. शिकवलेलं होतं ना तिला! आप्पालालनंच शिकवलेलं! तो "हो, हो" करतोय, आणि ती त्याच्या हाकेवर नाही, त्यांच्या हलगीवर चाललीय.

आणि मग खोगीर करकरलं.

रिकामं खोगीर. माणूस रिकिबीत पाय देऊन वर चढावा, तसं करकरलं. मैनेची पाठ खाली दबली. तिनं मान उडवली, डोळे पांढरे केले, खिंकाळली, आणि उधळली. चौखूर!

आप्पालाल चार पावलं धावला आणि पडला. हात दोरात. दगडांवरून, काट्यांतून फरफटत निघाला. तो दोर ओढतोय. जितका ओढतोय तितका वेढा आवळतोय. माणसाच्या ताकदीनं घोडं थांबत नाही हो. सरळ मागं ओढलं तर मुळीच नाही. ते त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून ओढत होता, कारण घोडी गेली तर घर गेलं.

आणि हलगी थांबली. एकदम.

मैना थांबली. जागच्या जागी, घामानं निथळत, थरथरत. आप्पालालनं डोळे उघडले. घोडीच्या पुढच्या टापांपुढं जमीन नव्हती. विहीर होती. पलीकडच्या काठावर सगळ्या बत्त्या ओळीनं उभ्या. फेटेवाला हलगीवाल्याकडे वळला. "वाजव रं."

हलगीवर काठी पडायच्या आधीचा तेवढाच वेळ. आप्पालाल मागं सरला नाही. पुढं सरला. घोडीच्या खांद्याला चिकटला. तशी दोराला ढील मिळाली. एक वेढा काढला. दुसरा काढला. तिसरा कातडीत रुतलेला, तो दातानं ओढला. हात मोकळा झाला. मग म्होरकीला धरून त्यानं तिचं तोंड बाजूला, बोरखिंडीकडे वळवलं, आणि सोडून दिली. सोडून दिली! स्वतः भिंतीला पाठ लावून बसला.

हलगी कडाडली. पण मैनेचं तोंड आता घराकडे होतं, अंगावर ओढ नव्हती. घाबरलेलं घोडं घर धरतं. गेली ती गेली.

"घोडी कुनी सोडली?" कानाशी आवाज आला. 

"कुनी सोडली रं?"

तो तसाच बसून राहिला. ना धावला, ना ओरडला.

घरी मालननं, त्याच्या बायकोनं, टापा ऐकल्या. दारात घोडी, दोर लोंबतोय, माणूस नाही. तिनं शेजारच्या घरातल्या दिराला उठवलं, कंदील घेतला. दिवस उजाडताना त्यांना आप्पालाल भिंतीपाशी सापडला.

"मैना आली?"

"आली. तुमी जित्ते हायसा ते आधी सांगा की!"

"मग ठीक हाय," तो म्हणाला. त्या हाताची दोन बोटं पुढं कधी वळली नाहीत. मी पाहिलीत.

"मग तात्या, भूत खरं का?"

मला काय ठाऊक? वाऱ्यावर दुसऱ्या गावची हलगी लांब ऐकू येते. दमलेल्या माणसाला काहीही दिसतं. मी असं पुष्कळदा स्वतःला समजावलं आहे. पण तुम्ही घोडं घेऊन पांढरीवरून जाऊ नका. आणि कुठूनही गेलात तरी दोर घडी करून हातात धरा, गुंडाळू नका. घोडं उधळलं तर सोडा. त्याच्या वाटेतून बाजूला व्हा, मागं धावू नका.

पुढं कैक वर्षांनी दुष्काळात ती विहीर उपसली. मी मुद्दाम गेलो, काठावर उभा राहून बघितलं. गाळातून घोड्यांचे नाल निघाले, पाटीभर. आणि एक लोखंडी साखळी निघाली. तिचं एक टोक घोड्याच्या कवटीखाली होतं. दुसऱ्या टोकाला वेढे होते, आणि त्या वेढ्यांत माणसाच्या मनगटाची हाडं.