आबांनी ओळखलेला आवाज

आमच्या पप्पांच्या बंडखोरीचं सांगते. कॉलेजात असताना ऐकलेला ग्रंज रॉकचा अल्बम त्यांना परवा मोबाइलवर सापडला. "या गाण्यांनी मला शिकवलं, कुणाच्या बापाला भ्यायचं न्हाय," असं मला सांगत त्यांनी तो स्पीकरवर मोठ्याने लावला. गिटार किंचाळू लागली आणि गायक घसा फोडून ओरडू लागला.

तेवढ्यात अंगणातून आबा, म्हणजे माझे आजोबा, म्हणाले, "विहिरीवरची मोटार कोरडी वढतीय का रं? आवाज ऐक की. जा, बंद कर."

पप्पांनी गाणं बंद केलं, चप्पल घातली आणि उसाला नीट पाणी देणारी मोटार खरंच बंद करून आले.

"थांबला न्हवं आवाज?" आबांनी विचारलं.

"व्हय, आबा."