मंगळवारची आबेना

सेरवा: आज पुन्हा तेच सांगितलंत त्या ट्रोट्रो बसच्या ड्रायव्हरला? नवं मशीन येतंय, आलं की तुझा रेडिएटर आधी?

अट्टाकोरा: येतंय म्हणून येतंय म्हणालो.

सेरवा: सुआमेच्या अख्ख्या गॅरेज-बाजाराला पाठ झालंय, मामा. केंकेवाली मला विचारत होती, तुझ्या मामाचं मशीन बोटीनं येतंय की पोहत?

अट्टाकोरा: तिला म्हणावं, तू आधी केंके नीट शिजव. हे साधं टिग वेल्डिंगचं मशीन नाही. ह्याला पल्स आहे. करंट आपोआप वर जातो, खाली येतो, वर जातो, खाली येतो. वर गेला की अ‍ॅल्युमिनिअम वितळतं, खाली आला की थिजतं. पत्रा कागदाएवढा असला तरी भोक पडायचं नाही. आणि समोर हिरवे आकडे दिसतात.

सेरवा: म्हणजे आत्ता जे माझा पाय करतो तेच.

अट्टाकोरा: हळू बोल.

सेरवा: ह्या ठोकाठोकीत कोण ऐकतंय? तुमचा गुडघा सुजल्यापासून मी टेबलाखाली बसून पायानं करंटचं पॅडल दाबते, आणि बाहेरचे म्हणतात, अट्टाकोराचा पाय बघा, ढोल वाजवल्यासारखा चालतो.

अट्टाकोरा: हात माझाच असतो की.

सेरवा: हात तुमचा, पाय माझा. तो लाकूडवाला तुमच्या पायावर खूश होऊन बूट देऊन गेला. घातलेत तुम्ही.

अट्टाकोरा: तुला मोठे झाले असते.

सेरवा: मामा, थट्टा पुरे. टेचिमान शहरातला गाळेवाला परवा, रविवारी, मी सांगून ठेवलेला गाळा दुसऱ्याला देणार आहे. तुम्ही आईसमोर शब्द दिला होता. पल्सचं मशीन आलं की पोरीच्या डोक्यावर पावडर टाकतो, शिकणं संपलं, ती मोकळी, जाऊन आपलं दुकान थाटू दे. म्हणाला होतात की नाही?

अट्टाकोरा: म्हणालो होतो. मशीन येऊ तर दे. आता ती बोट काय मी ओढत आणू?

सेरवा: नको. हातगाडी आलीच आहे बघा.

(दारात हातगाडी थांबते. तिच्यावर चादरीनं झाकलेला मोठा खोका, मागे घामाघूम झालेला मशीनवाला दुकानदार ओक्येरे.)

ओक्येरे: उस्ताद, निरोप मिळाला तसा निघालो. दुकान बायकोवर टाकून आलो, जेवलोसुद्धा नाही. ताई म्हणाल्या, मामा म्हणतात, आता आणा.

अट्टाकोरा: मी कधी म्हणालो?

सेरवा: मी तरी काय आणा ते कुठं बोलले? नुसतं "आता आणा" म्हटलं. ह्याच्याकडे आणण्यासारखं काही नसतं, तर "काय आणू" म्हणून विचारलं असतं ना ह्यानं.

ओक्येरे: अरे देवा.

अट्टाकोरा: अरे देवा काय? आनंदाची गोष्ट आहे. आजच उतरलं वाटतं टेमा बंदरात. सकाळीच आलं ना रे, ओक्येरे?

ओक्येरे: सकाळीच. शपथ घेऊन सांगतो, ताई, सकाळीच. खोक्याला अजून समुद्राचा वास येतोय.

सेरवा: वास कोंबडीचा येतोय. आज वार कुठला?

ओक्येरे: शुक्रवार.

सेरवा: आणि तुझ्या दुकानात ज्या वारी माल येतो, त्या वाराचं नाव तू त्याला ठेवतोस. बाळाला ठेवतात तसं. मागच्या कॉम्प्रेसरला क्वाकू म्हणून हाका मारत होतास, का, तर तो बुधवारी आला.

ओक्येरे: माल हरवत नाही त्यानं.

सेरवा: चादर काढ. काय लिहिलंय खडूनं? मोठ्यानं वाच.

ओक्येरे: आबेना.

सेरवा: शुक्रवारची असती तर अफिया झाली असती. आबेना मंगळवारची.

अट्टाकोरा: असेल मंगळवारची. दोन-तीन दिवस इकडेतिकडे.

सेरवा: कुठला मंगळवार, ओक्येरे?

ओक्येरे: उस्ताद, सांगू?

अट्टाकोरा: तोंड उघडलंस तर बघ.

ओक्येरे: ताई, तेव्हा झाडाला कैऱ्या होत्या.

सेरवा: आता आंबेसुद्धा संपले.

ओक्येरे: मी काय करणार? उस्ताद म्हणाले, मंगळवारची मशीनं तापट, जरा निवू दे. मग म्हणाले, शनिवारी मयताला जायचंय, काळ्या कपड्यांत मशीन घरात घेत नाहीत. मग गुडघ्याचं काढलं. तोवर आमच्या कोंबडीनं खोक्यावर अंडी घातली, पिल्लं निघाली, ती मोठी होऊन निम्मी विकलीसुद्धा. बायको मला विचारते, ही आबेना कोण तुमची, जिला तुम्ही चादर पांघरता?

सेरवा: मामा.

अट्टाकोरा: काय मामा?

सेरवा: मी रोज विचारत होते. रोज तुम्ही त्या बोटीला शिव्या देत होतात. तोंडावर सांगायचं, नाही सोडत म्हणून.

अट्टाकोरा: तसं कसं सांगू? शब्द दिलाय.

सेरवा: मग हे काय होतं?

अट्टाकोरा: भीती वाटली मला. झालं समाधान? आपल्यात घराणं आईकडून चालतं; माझी पोरं त्यांच्या आईच्या घराण्याची, ती त्यांच्या मामांकडे बघणार. माझ्या घराण्यातली माझ्याजवळ तूच. मशीन काय, पाय हलवेल. सकाळी आल्या आल्या माझ्याशी भांडेल का?

सेरवा: हे आधी बोलला असतात तर?

अट्टाकोरा: तर तू टेचिमानला गेली नसतीस. म्हणून तर बोललो नाही.

सेरवा: आणि मशीन मात्र कोंबडीखाली ठेवलंत.

अट्टाकोरा: दोन्ही केलं. म्हातारा झालो, एका गोष्टीवर टिकत नाही मी.

ओक्येरे: उस्ताद, खोका उघडू की परत नेऊ? बायकोनं ती जागा झाडून घेतलीय.

अट्टाकोरा: उघड. आणि सेरवा, तो ड्रायव्हरचा रेडिएटर घे वर.

सेरवा: जोडलं सगळं. गॅस चालू आहे. ह्याला पॅडल नको, टॉर्चवरच बटण आहे. हे बघा तुमचे हिरवे आकडे. पल्स किती ठेवायचा?

अट्टाकोरा: मला काय ठाऊक? मी कधी आकड्यांवर वेल्डिंग केलंय? तुझ्या पायाला विचार.

सेरवा: पाय आकडे बोलत नाही.

अट्टाकोरा: जुनं पॅडल घे. वायर काढलेलीच असू दे. पातळ पत्र्याला दाबतेस तसं दाब, मी ऐकतो. ओक्येरे, तू तिच्या पायाबरोबर ते पल्सचं बटण फिरव. कमी. अजून कमी. शिकाऊ पोरासारखं घाईत चाललंय मशीन. हां. आता दोघींचं जुळलं.

ओक्येरे: म्हणजे एवढे दिवस तो पाय ताईंचा होता?

अट्टाकोरा: तू काही ऐकलं नाहीस.

ओक्येरे: मी बहिराच आहे, उस्ताद. फक्त बायकोला सांगेन.

अट्टाकोरा: सेरवा, मी मुखवट्याची काच खाली घेतो. तू दाबत राहा. ह्या आबेनाचा भरवसा नाही, मी रॉड तुझ्या पायाच्या ठेक्यावरच टेकवणार.

सेरवा: दाबतेय. करा सुरू.

अट्टाकोरा: टक. टक. असंच. कोपरा आला, थांबू नकोस. टक. टक. बघ, कसं धरलंय. भोक नाही, काही नाही. तुझा पाय म्हणजे पाय आहे, पोरी. संपलं. ये, बघ हे.

सेरवा: मी इकडे उभी आहे, मामा. तुमच्या मागे.

अट्टाकोरा: पाय कधी काढलास?

सेरवा: कोपऱ्याच्या आधीच.

अट्टाकोरा: ओक्येरे, ही खरं बोलतेय?

ओक्येरे: खरंच. मला डोळ्यांनी खूण केली, गप्प राहा म्हणून. ह्या घरात सगळे मला गप्पच राहायला सांगतात.

अट्टाकोरा: बरं. वरच्या फळीवर, पत्र्याच्या डब्यामागे, पावडर आहे. काढ ती, माझा गुडघा चढत नाही.

सेरवा: पावडरचा डबा नवाच आहे, उघडलेला नाही. ह्याच्यावर तर धूळ बसलीय, मामा. कधी आणलात?

अट्टाकोरा: त्याच मंगळवारी.