तांदळातलं नाव

घरात मरण झाल्यावर लोक काय विचारतील, याचा नेम नाही बघा. माझी मुलगी ईशा लालबागला ट्रकखाली गेली. तिसऱ्या दिवशी आमच्या परळच्या घरी एक पत्रकार आला. ईशा जन्मली तेव्हा सगळे तिला मुलगा समजले होते, हे त्याला कुठून तरी कळलं होतं.

"काका, मूळ नाव काय होतं?"

"ईशा."

"तसं नाही, खरं नाव. वाचकांना कळायला हवं ना."

"ट्रक कोणाचा होता, ते विचारलंत?"

"ते पोलीस बघतील."

तेवढ्यात बायको आतून आली. "बाबा रे, मी माहेरची कुंदा. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने माधवी लिहिलं. त्यानंतर माझं खरं नाव कोणी विचारलं नाही. तू विचारतोस?"

"काकू, ते वेगळं."

खाली जाऊन त्याने शेजाऱ्यांकडून हवं ते मिळवलं. दुसऱ्या दिवशी बातमी आली. मथळ्यात ईशाचं जुनं नाव होतं. ट्रकच्या मालकाचं नाव कुठेच नव्हतं. आणि शेवटच्या ओळीत तिच्या आईचं नाव छापलं होतं, माधवी.