ओद्याचं लाकूड

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा: दवाखान्याचा लांब व्हरांडा, ऑपरेशनच्या खोलीचं बंद दार, आणि समोरच्या काळपट बाकावर एक म्हातारा सुतार व त्याची नात. नातीची आई आत होती. बाकाच्या दुसऱ्या टोकाला मी बसलो होतो.

"आजोबा, हा बाक कशाचा आहे?"

"ओद्याचा. खिळा वाकेल, पण आत शिरायचा नाही."

"ओद्या? हे काय नाव झालं?"

"तुझ्यापेक्षा बरंय की, चिमणाबाई! अगं, जंगलात लाकूडतोडे एका सोबत्याला हाका मारत होते. तेव्हा खोडातून 'ओ' आली. ओ देतो, म्हणून ओद्या."

"आणि तो सोबती?"

"जवळच बसलेला सापडला. डोळे उघडे होते. पण पुन्हा कुणाच्या हाकेला त्यानं ओ दिली नाही. म्हणून आम्ही सुतार या लाकडापाशी कुणाला हाक मारत नाही. खुणेनं बोलावतो."

"आजोबा…"

"आता काय?"

"मघाशी तुम्ही पाणी आणायला गेलात ना, तेव्हा मी आईला हाक मारली."

"दाराकडे तोंड करून ना?"

"हो. पण ओ खालून आली."

"छे गं! गोष्ट होती ती. म्हाताऱ्याच्या थापा."

"मग तुम्ही उठून उभे का राहिलात?"

मुलगी खाली उतरली, गुडघ्यांवर बसली आणि फळीला तोंड लावून म्हणाली, "तुला नव्हती मारली हाक. आईला मारली होती. दे परत."

मग तिनं फळीला कान लावला.