गोफणीचा नेम

मूर्तिजापूरच्या फलाटावर, माझ्याच बाकावर, फौजेतला मुलगा आणि त्याला पोचवायला आलेली आई बसली होती.

"तोफेवर तुयं काम काय असते रे चंदन?"

"गणित, माय. वारा कोन्या बाजूचा, तोंड किती वर धराचं, मंग गोया कुठं पडंल, हे काढून सांगाचं."

"गोफणीसारखंच हाये मंग."

"तसंच. तूच त शिकवलं. पाखरू बसलं तिथं नाही, उडून जाईल तिथं नेम धराचा."

"तिथं नाही रे, जरासा बाजूले. पाखरू उडालं पायजे, मेलं नाही पायजे. इतकी वर्सं ज्वारी राखली म्या, एक पाखरू नाही मेलं माह्या हातून."

"आमच्यात बाजूले पडला त गणित चुकलं म्हनतात."

"आन् बराबर पडला त?"

"त पुढचं गणित."

"तिथं काय झालं, कोनी पाह्यत नाही?"

"लय लांब असते, माय. आमाले दिसत नाही."

"मंग सुट्टीभर रात-रातभर आंगनात जागा कावून बसून राह्यत होता तू?"

"गाडी आली वाटते, माय."

गाडीला अजून बराच वेळ होता.