पाचच्या पाच

हॅलो? … हां ताई, बोल… नाही, थांब जरा. खाली सगळे टीव्हीपुढे बसलेत, मी गच्चीवर जाते… हं, आता बोल. कपडे काढायला जाते असं सांगून आलेय.

लागला ना, लागला निकाल! अगं, नर्सबाई आली! … हो, हो, आमच्या दवाखान्यातलीच. निवडून आली… हळूच बोलतेय गं!

ते नंतर. आधी माझं ऐक ना. आमच्या गल्लीची मतं किती फुटली असतील, सांग… अंहं… एक? नाही… छे, दहा पण नाही. त्रेसष्ट!

त्रेसष्ट, ताई! जीव भांड्यात पडला बघ. मत दिल्यापासून निकालाचीच धास्ती होती मला.

तुला काय जातंय हसायला? तुमच्याकडे कोण कोणाला विचारतंय! आमच्या गल्लीला शाळेतली ती एकच खोली, एकच मशीन, आकडा लगेच वेगळा कळतो. आणि आजवर एक मत फुटलेलं नाही. सासरे गावभर सांगत फिरतात, आमची गल्ली म्हणजे पक्षाचा बालेकिल्ला…

हो ना, तेच! मतदानाच्या दिवशी दारात खुर्ची टाकून बसले होते. येणाऱ्याजाणाऱ्याला एकच, 'मत फुटलं तर शोधून काढीन हं.' मी निघाले तेव्हा मात्र नुसते हसले… अगं, प्रेमाने! सूनबाई काय, आपलीच. त्यानेच तर जास्त घाबरले मी. आणि खरंच एकच फुटलं असतं तर? गल्लीभर शोध, आणि मी एकटी. माझ्या तोंडावरच दिसलं असतं सगळं. मला कधी खोटं बोलता आलंय का?

मग काय करणार होते? पक्षाचा तो उमेदवार दवाखाना हलवून तिथे दुकानं काढायला निघालेला. छोटीला दम लागला की वाफ द्यायला कुठे पळू मी, मोठ्या रस्त्यापलीकडे? आणि सासूबाईंचा पाय? एक दिवसाआड ड्रेसिंग असतं… नर्सबाईच करते गं, जखमेला फुंकर घालत घालत. तिला नाही द्यायचं तर कोणाला द्यायचं?

सासरे ना… बसलेत. टीव्ही बंद करू देत नाहीत. एकेका घराचा उद्धार चाललाय. शिंपी फुटला असणार, बेकरीवाला तर नक्कीच… मी चहा द्यायला गेले तर म्हणतात कसे, 'आपल्या घरची पाच मतं तेवढी पक्की. बाकी कोणाचा भरवसा नाही.' कप ठेवला आणि सटकलेच मी! … हे? हे मोबाईलमध्ये तोंड घालून. भावजी खिडकीतून बाहेर बघतायत, रस्त्यावर सर्कस आल्यासारखं. नशीब, माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

अगंबाई! थांब, ताई. जिन्यात कोणीतरी…

आई, तुम्ही? तो पाय घेऊन वर कशाला आलात? … कोणाशी नाही… ताई आहे, सहज… हो, काढतेच आहे कपडे… काय? खालपर्यंत ऐकू येतं? … जिन्यापर्यंत? कधीपासून उभ्या आहात?

ताई, मेले. सगळं ऐकलंय त्यांनी… थांब गं, बोलतायत.

… काय म्हणालात? … तुम्ही पण?

ताई! अगं, सासूबाई पण! … देवाशपथ! आणि हसतायत वर. म्हणतायत, पाय माझा, मत पण माझंच… थांब, अजून काहीतरी… ह्यांनी? ह्यांनीसुद्धा? … आणि भावजींनी? … तुम्हाला कधी सांगितलं? … आज सकाळी, स्वयंपाकघरात? दोघांनी वेगवेगळं येऊन?

ऐकलंस का, ताई? पाचातली चार! आणि मी मेली एकटीच घाबरून अर्धी झाले… हो, हस, हस. मलाच आवरत नाहीये. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलंय हसून…

काय, आई? …

हं… हो. खरंय.

नाही गं, झालं काही नाही. त्या म्हणतायत, काय हसायचं ते इथेच हसून घ्या. खाली गेल्यावर नको. एकटे पडलेत ते.

… वाटतं ना वाईट. बालेकिल्ला म्हणायचे गं… नाही, कोणी नाही सांगणार. कधीच नाही.

थांब, खालून हाक मारतायत… काय, बाबा? … पक्षाच्या ऑफिसचा फोन? … आपल्या घरची किती, विचारतायत?

पाच, बाबा! पाचच्या पाच! … हो, छाती ठोकून सांगा!

… ठेवते, ताई. चहा हवा असेल त्यांना.